जुन्या पत्त्यावर भलतंच पान

"मॅडम, तुमच्या साइटवरून मेसेज आला, पेशंट निघाला म्हणून. मी बेड रिकामा करून बसली. फोन लावला तं तो माणूस म्हणते, मी तं घरीच हाव. मस्करी लावली का हे?"

फोनवर अकोल्याच्या केंद्रातल्या सिस्टर होत्या. दुपार कलली होती. मी अमरावतीतल्या माझ्या ऑफिसात चहाचा कप हातात घेऊन बसले होते, आणि खरं सांगायचं तर खुशीत होते. सकाळीच एक मोठं काम लाइव्ह केलं होतं. सगळं सुरळीत होतं. म्हणजे तसं मला वाटत होतं.

"कोणीतरी चुकून बटण दाबलं असेल, सिस्टर," मी म्हणाले.

"चुकून नाई दाबलं. तो म्हणते साप चावला, काकूले. पण काकू अकोल्यात नाई ना! चांदूर बाजारकडं हाय म्हणे. मग मले काहून मेसेज आला?"

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फक्त माझ्याकडेच असायला हवं होतं.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी वेबसाइट बनवते. दुकानांच्या, कॉलेजांच्या, मंगल कार्यालयांच्या. त्यातली एक साइट एका ट्रस्टची. ट्रस्ट चालवतात एक निवृत्त सर्जन, सगळे त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणतात. आपल्याकडे सोयाबीन सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत साप चावण्याच्या केसेस येतात. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठल्या केंद्रावर आज आहे आणि कुठे संपलंय, एवढंच ही साइट सांगते. प्रत्येक केंद्राचं एक पान. पानावर मोठी पट्टी. हिरवी असली तर औषध आहे, लाल असली तर नाही, आणि लाल पट्टीखाली लिहिलेलं असतं की मग कुठे जायचं. त्याखाली एक बटण, 'आम्ही निघालो'. ते दाबून फोन नंबर टाकला की त्या केंद्राच्या सिस्टरला मेसेज जातो. पट्टी बदलायचं काम सिस्टरच करतात, त्यांच्या मोबाइलवरून.

आता थोडं तांत्रिक. साइट ज्या प्लॅटफॉर्मवर बनते तो तुम्हाला दोन प्रकारचा मजकूर तयार देतो, लेख आणि साधं पान. आम्हाला तिसरा प्रकार हवा होता, म्हणून आम्ही तो बनवला आणि त्याला नाव दिलं 'केंद्र'. याला आमच्या धंद्यात कस्टम पोस्ट टाइप म्हणतात. असा प्रकार बनवला की प्लॅटफॉर्म त्याचा पत्ता आपल्या मनानं ठरवतो. साइटचं नाव, मग 'केंद्र', मग गावाचं नाव. तीन वर्षं तेच चाललं होतं. लोकांनी ते पत्ते व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवले होते.

डॉक्टरसाहेबांना हे पत्ते आवडत नव्हते.

"वर्षाताई, आपण हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेणार. माणसाला वाचता आलं पाहिजे, फोनवर दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. आधी तालुका, मग गाव. असं कर ना."

म्हणणं बरोबर होतं. मी केलं. नवा पत्ता म्हणजे तालुका, तिरपी रेघ, गाव. जुने पत्ते मरू नयेत म्हणून रीडायरेक्ट टाकले. रीडायरेक्ट म्हणजे पोस्टमनला सांगून ठेवणं, की जुन्या पत्त्यावर पत्र आलं तर नव्या घरी नेऊन दे.

आणि मग डॉक्टरसाहेबांनी दुसरी गोष्ट सांगितली.

"पत्ता चुकला तर ते 'नॉट फाउंड' येतं ना, ते काढून टाक. घाबरलेल्या माणसाला 'सापडलं नाही' दाखवायचं? काय वाटेल त्याला! त्याचा फोन कुठे आहे ते ओळख आणि त्याच्या सगळ्यात जवळचं केंद्र दाखव."

मला हे भारी वाटलं. अगदी मनापासून भारी वाटलं. फोनचं लोकेशन घ्यायचं, जवळचं केंद्र शोधायचं, त्याचं पान उघडून द्यायचं. माझ्यासोबत काम करणारा प्रफुल्ल अकोल्याला असतो, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. घरातूनच काम करतो. त्यानं ते छान लिहून दिलं. सकाळी लाइव्ह केलं आणि दोघांनी तपासलं. मी अमरावतीचा जुना पत्ता टाकला, अमरावतीचं पान उघडलं. प्रफुल्लनं अकोल्याचा जुना पत्ता टाकला, अकोल्याचं उघडलं.

"एकदम मक्खन, ताई," प्रफुल्ल म्हणाला.

"घे मग चहा," मी म्हणाले.

तोच हा चहा. सिस्टरचा फोन आला तेव्हा अर्धा उरला होता.

सिस्टरकडून नंबर घेतला आणि लावला. मंगेश नावाचा मुलगा. अकोल्यात मोबाइलच्या दुकानात कामाला.

"मंगेश, मी साइटवाली बोलते आहे. काय झालं ते नीट सांगा."

"काकूले साप चावला ना मॅडम. वावरात. सोयाबीन सोंगून राहिली होती. काकाचा फोन आला मले. तिकडं नेट चालत नाई, फोन तेवढा लागते. म्हणे, मंगेश, पाहून सांग औषध हाय का आपल्या केंद्रावर. आमच्या फॅमिली ग्रुपवर लिंक होती, ते दाबली. हिरवं आलं. म्या सांगतलं, हाय, घेऊन जा. अन् ते 'निघालो'चं बटण दाबून माझाच नंबर टाकला."

"कुठे घेऊन जा?"

"आमच्या गावच्या केंद्रावर. अजून कुठं?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. चांदूर बाजार तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. मंगेशशी बोलता बोलता मी दुसऱ्या हातानं त्या केंद्राची नोंद उघडली. तिथल्या सिस्टरनं सकाळीच पट्टी बदलली होती. लाल. आदल्या दिवशीच्या पेशंटला सगळं औषध लागलं होतं. खाली लिहिलं होतं, साठा संपला, थेट चांदूर बाजारला न्या.

मंगेशला हिरवी दिसली होती.



"मंगेश, तुमच्या काकांना लगेच फोन लावा. केंद्रावर औषध नाही. चांदूर बाजारला जायला सांगा. आत्ताच्या आत्ता."

"नाई म्हणजे? आता तं हिरवं होतं!"

"लावा फोन!"

त्यानं ठेवला. मी केंद्रातल्या सिस्टरला लावला. रिंग गेली, कोणी उचललं नाही. पुन्हा लावला. नाही. मंगेशचा फोन आला.

"काकाचा लागून नाई राहिला, मॅडम. रस्त्यात असन ते. आता काय करू मी? मीनच सांगतलं ना त्याईले!"

तो रडायला लागला. त्यानं तर समोर दिसलं तेच सांगितलं होतं. डॉक्टरसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वावरातून ते केंद्र कुठल्या बाजूला आणि चांदूर कुठल्या?"

मंगेशला विचारून सांगितलं. उलट्या बाजूंना.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मी चांदूरच्या दवाखान्यात कळवून ठेवतो. तू केंद्रावर फोन लावत राहा. आणि हे कशामुळे झालं ते शोध. आत्ता. दुसरं कोणी बघत असेल तर?"

दुसरं कोणी. तोवर माझ्या डोक्यात एकच बाई होती, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. आता कळलं की सकाळपासून साइट उघडणारा प्रत्येक माणूस यात आला. डोंगरातल्या सेमाडोहपासून अकोल्यापर्यंत आज किती वावरांत सोंगणी चालू असेल, आणि किती जण जुनी लिंक दाबत असतील? मंगेशनं दाबलेली लिंकही ग्रुपवरची, जुनीच होती. मी प्रफुल्लला फोन लावला.

"प्रफुल्ल, सेमाडोहचा जुना पत्ता टाक."

"काहून, काय झालं?"

"टाक आधी!"

की-बोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "अकोला आलं, ताई."

"चांदूर बाजारचा टाक."

"अकोला."

"धारणी."

"अकोलाच येऊन राहिलं. ताई, हे काय?"

मी माझ्या मशीनवर तेच पत्ते टाकले. सेमाडोह टाकलं, अमरावती. चांदूर बाजार टाकलं, अमरावती. धारणी टाकलं, अमरावती. वर हिरवी पट्टी, ढळढळीत. केंद्राचं नाव तिच्याखाली बारीक अक्षरात. डॉक्टरसाहेबांनीच पट्टी मोठी करायला सांगितली होती आणि मी नाव बारीक केलं होतं, कारण ते डिझाइनमध्ये बरं दिसत होतं.

एकही जुना पत्ता चालत नव्हता. सकाळपासून. आणि आम्ही दोघांनी तपासून, मक्खन म्हणून, चहा घेतला होता.

अमरावतीत बसून मी अमरावतीचं पान मागितलं. ते सापडलं नाही. साइटनं गुपचूप माझ्या जवळचं केंद्र काढून दिलं. ते निघालं अमरावतीचं. प्रफुल्लचंही तसंच. वऱ्हाडातल्या माणसाला काहीही नवीन दाखवा, आधी आपलंच गाव शोधतो. मतदार यादी असो, नकाशा असो. आम्हीही तेच केलं. आपापलं गाव बघितलं आणि समाधान पावलो.

आणि आम्ही धरून चाललो होतो की फोन जिथे आहे तिथेच पेशंट आहे. कुठून धरलं होतं, देव जाणे! माझ्या स्वतःच्या मामाच्या गावात नेट चालत नाही. तिथून काहीही विचारायचं असलं, सोयाबीनचा भाव असो की पोराचा निकाल, फोन मलाच येतो. "वर्षा, पाय बरं जरा." इथे सगळं असंच चालतं. वावरातला माणूस शहरातल्या नातेवाइकाला फोन करतो, नातेवाईक बघून सांगतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण लॅपटॉपसमोर बसल्यावर आठवलं नाही.

"ताई, साइट बंद करू?" प्रफुल्लनं विचारलं.

"बंद केली तर ज्यांच्याकडे नवा पत्ता आहे त्यांचंही जाईल. ते जवळचं केंद्र दाखवणारं काढ फक्त."

"मग जुन्या लिंकवर नॉट फाउंड दिसन लोकाईले. डॉक्टरसाहेब..."

"दिसू दे! नॉट फाउंड दिसलं तर माणूस दुसऱ्याला विचारेल. काढ म्हणते ना!"

मी ओरडले. मला राग लवकर येतो, घरच्यांना विचारा. पण तो राग नव्हता, भीती होती. प्रफुल्लनं काढलं. मी जुना पत्ता टाकून पाहिला. पांढरं पान, 'सापडलं नाही'. ते पान बघून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

केंद्राचा फोन अजून उचलला जात नव्हता. मी लावत राहिले आणि मध्ये मध्ये मूळ दुखणं शोधत राहिले. रिकामं बसवत नव्हतं.

दुखणं साधं निघालं. साइटवर आलेला प्रत्येक पत्ता प्लॅटफॉर्म नियमांशी ताडून बघतो, वरून खाली. जो नियम पहिल्यांदा बसला तो घेतला, पुढचे वाचायचेच नाहीत. आमचा नवा नियम होता, दोन शब्द आले की पहिला तालुका, दुसरा गाव. तो सगळ्यात वर बसला. जुन्या पत्त्यातही दोनच शब्द. 'केंद्र' आणि गाव. प्लॅटफॉर्मला वाटलं केंद्र नावाचा तालुका आहे. तो कुठे सापडणार? रीडायरेक्टचे नियम खाली होते, तिथवर तो पोचलाच नाही. पोस्टमन बिचारा तयार उभा होता, पत्र फाटकावरच अडकलं.

ते नियम वर घेतले आणि पर्मालिंकचं, म्हणजे पत्त्यांच्या रचनेचं, सेटिंग पुन्हा सेव्ह केलं. ते सेव्ह केल्याशिवाय प्लॅटफॉर्म नवा क्रम लक्षात घेत नाही. मग जुने पत्ते एकेक करून टाकले. सेमाडोह टाकलं, सेमाडोह आलं. मंगेशच्या गावाचं टाकलं. लाल पट्टी आली. साठा संपला, थेट चांदूर बाजारला न्या.

त्या लाल पट्टीकडे बघताना मला रडू आलं. ही एवढी गोष्ट त्या मुलाला दिसायला हवी होती.

मग फोन वाजला. केंद्रातल्या सिस्टर.

"किती फोन, मॅडम! पेशंटजवळ होती मी."

"आल्या होत्या का त्या? साप चावलेल्या बाई?"

"आल्या ना. गाडी दारातच थांबवली मी. औषध नाई म्हटलं तं त्यांचा मालक माझ्याच अंगावर आला. म्हणे मोबाइलमधी हाय लिहिलं. मी म्हटलं, भाऊ, कपाट उघडून पाहा. सलाइन लावलं अन् पाठवल्या चांदूरले. मी सोबत आपल्या मदतनीस बाईले बसवलं."

"कशा होत्या?"

"पापण्या पडत होत्या. बोलणं जड झालं होतं. येणं-जाणं फुकट झालं ना मॅडम त्यांचं. तो टाइम गेला."

त्यानंतरचं काय सांगू. ऑफिसात मी एकटीच होते. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, शेजारच्या क्लासची मुलं सायकली काढत होती. मंगेशचा फोन सारखा येत होता. काही कळलं का, मॅडम? नाही. तरी मी दर वेळी उचलत होते, कारण न उचलणं जमत नव्हतं. प्रफुल्लनं लॅपटॉपवरचा कॉल चालूच ठेवला होता. एकदाच म्हणाला, "ताई, आपण सेमाडोह एकदा जरी टाकून पाह्यलं असतं." मी म्हटलं, "गप्प बस, प्रफुल्ल." लगेच पुढे म्हटलं, "फोन ठेवू नको पण."

मला सारखं दिसत होतं की एक गाडी चांदूरच्या रस्त्यानं चालली आहे, आणि ती आधीच पोचायला हवी होती.

शेवटी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"वर्षाताई, पोचल्या. औषध सुरू झालं. पण श्वासाचा त्रास वाढला आहे, अमरावतीला हलवतात. मी तिथे जाऊन थांबतो."

"वाचतील ना?"

"आज काही सांगत नाही," ते म्हणाले.

वाचल्या. व्हेंटिलेटरवर राहिल्या, पायाची जखम चिघळली, त्यावर शस्त्रक्रिया झाली, पण वाचल्या. सोंगणी, मळणी सगळं त्यांच्याविना झालं. अजून थोडं लंगडतात.

वॉर्डात आणल्यावर मी भेटायला गेले. जायची हिंमत होत नव्हती. जिन्यात दोनदा परत फिरले. मंगेशच्या शोभाकाकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे मालक बाजूच्या स्टुलावर, मंगेश पायाशी. मी सगळं सांगून टाकलं. पत्ते बदलले, नियमांचा क्रम चुकला, जवळचं केंद्र दाखवायची सोय केली होती, ती आमच्याच अंगलट आली. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. मालक खाली बघत होते.

मग तेच म्हणाले, "मी तं चांदूरलेच काढली होती गाडी. आमच्याकडं कोणाले काही झालं का सिद्दं चांदूरलेच नेतात. बापाच्या वक्तापासून. फाट्यावर पोचलो अन् मंगेशचा फोन आला का गावातच हाय औषध. मंग वळवली."

तोवर मी मनाची अशी समजूत घातली होती की साइट त्या दिवशी फक्त उपयोगी पडली नाही, एवढंच. ती नसती तर त्या वेळेत पोचल्या असत्या. आमच्या साइटनं चांगल्या रस्त्याला लागलेली गाडी माघारी फिरवली होती.

शोभाकाकूंचा आवाज अजून घोगरा होता.

"मालूम नसन तं मालूम नाई म्हणाव ना, बाई," त्या म्हणाल्या. "त्याच्यात काय लाज? आमी आमचं पायलं असतं."

रागानं नाही म्हणाल्या. सुनेला भाजीत मीठ जास्त झालं सांगावं, तसं म्हणाल्या. मग मंगेशला म्हणाल्या, "त्याईले चहा आन रे."

डॉक्टरसाहेबांना मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नंतर 'सापडलं नाही' या पानावरचा मजकूर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला.

आता आमच्याकडे एक नियम आहे. कोणीही आपलं गाव तपासायचं नाही. प्रफुल्ल सेमाडोह बघतो, मी अकोल्याची जुनी-नवी सगळी पानं बघते. केंद्राचं नाव पट्टीपेक्षा मोठं केलं आहे. दिसायला फार वाईट दिसतं. पत्ते तालुका-गाव असेच आहेत, भिंतींवर रंगवूनही झाले.

आणि चुकीचा पत्ता टाकलात तर एक पांढरं पान उघडतं. त्यावर चित्र नाही, पट्टी नाही, लोकेशन विचारत नाही. लिहिलं आहे: 'या पत्त्याबद्दल आम्हाला माहीत नाही. आमच्यासाठी थांबू नका. नेहमी जिथे नेता त्या मोठ्या दवाखान्यात न्या.'